दुष्ट राणीचं पूर्वायुष्य मुलांनी वाचावं का?

संगममाहुली (धागाकर्ती)

साताऱ्यात आम्ही काही जणी मिळून आठवी ते अकरावीच्या मुलांचा वाचनगट चालवतो. सध्या गटात एकाच प्रकारच्या पुस्तकांची चलती आहे. जुन्या परीकथा नव्याने सांगणारी, किशोरांसाठीची इंग्रजी पुस्तकं, आणि त्यातही दुष्ट बाई दुष्ट का झाली ते सांगणारी. सिंड्रेला कुणाला नको, तिच्या सावत्र बहिणी हव्यात. हिमगौरी नको, आरशापुढची राणी हवी. परवा एका मुलाच्या आईचा फोन आला. "ताई, धाकट्याने दादाची प्रयोगवही फाडली आणि वर मलाच ऐकवतो, मी असा का झालो ते आधी विचार. हे खूळ तुमच्याकडचं का?"

हसू आलं, पण मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. म्हणून हा धागा. (पुढे काही पुस्तकांचे शेवट फुटणार आहेत. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परतावं.)

माझं मत आधी सांगून टाकते. दुष्ट बाईला पूर्वायुष्य द्या, खुशाल द्या. पण तिने जे केलं ते जसंच्या तसं राहू द्या. तिचं दुःख इतकं फुगवायचं की अपराध आपोआप बारीक दिसायला लागेल, ही पळवाट झाली. आणि यातली बरीच पुस्तकं त्याच वाटेने जातात.

गंमत म्हणजे जुन्या कथांत कारण होतंच. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट घ्या. ग्रिम बंधूंच्या कथेत राज्यात शहाण्या बायका तेरा आणि राजाकडे सोन्याची ताटं बारा. म्हणून तेरावीला बोलावणंच गेलं नाही. त्याच्याही आधी, १६९७ साली शार्ल पेरोने सांगितलेल्या कथेत म्हातारी परी पन्नासहून जास्त वर्षं आपल्या बुरुजाबाहेर पडलेली नव्हती, तेव्हा लोकांनी ती मेली असेल असं धरून टाकलं. ती दारात येऊन उभी राहिल्यावर पान मांडलं गेलं, पण सोन्याच्या डब्यातला चमचा-काटा-सुरीचा संच सात परींपुरताच घडवलेला. तिला साधं मिळालं. लग्नात आहेरावरून आणि पंगतीतल्या जागेवरून काय काय होतं ते बघितलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगायला नको.

२०१४च्या 'मॅलेफिसंट' सिनेमाने ताट काढलं आणि पंख आणले. ज्याच्यावर तिचा जीव जडला तोच राज्याच्या लोभाने तिचे पंख कापून नेतो. मग तिचा राग आपल्याला लगेच पटतो, ती शाप देते तेही पटतं, आणि शेवटी मुलीला जागं करणारा पापाही तीच घेते. सिनेमा मला आवडला. पण मग दुष्ट कोण उरलं? ती तर नाहीच. मानाच्या ताटावरून तान्ह्या पोरीचं मरण मागणारी बाई मला जास्त अवघड वाटते, आणि मुलांनी तिच्याशी झटापट करावी असं वाटतं.

याउलट मरिसा मेयरची 'फेअरेस्ट' (२०१५). चंद्रावरची राणी लेवाना. लहानपणी सख्ख्या बहिणीनेच तिला आगीत जायला लावलं, चेहरा जळाला, तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या डोळ्यांना खोटा चेहरा दाखवत जगते. इथवर कुणालाही कळवळा येईल. मग ती एका पहारेकऱ्याच्या प्रेमात पडते. त्याची बायको बाळंतपणात जाते, आणि लेवाना त्या मेलेल्या बायकोचा चेहरा घेऊन त्याच्यापुढे जाते. त्याच्या मनावर ताबा ठेवून त्याच्याशी लग्न करते. ती याला प्रेम म्हणते, लेखिका एकदाही म्हणत नाही. पुढे चिमुरड्या भाचीच्या खोलीला आग लावण्यापर्यंत मजल जाते. जिला आगीने जाळलं ती आगच वापरते. वाचताना आलेली दया पुढच्या पानावर आपल्याच अंगाशी येते. मला असं पुस्तक हवं.

त्याच लेखिकेचं 'हार्टलेस' (२०१६) मुलींना फार आवडलं. 'ॲलिस इन वंडरलँड'मधल्या बदामराणीचं तरुणपण. तिला मिठाईचं दुकान काढायचंय, आईवडिलांना तिचं राजाशी लग्न लावायचंय, आणि तिचा जीव राजाच्या विदूषकावर. विदूषक मारला जातो आणि सूड मिळणार असेल तर राजाशी लग्न करायला ती तयार होते. स्वतःचं काळीजच देऊन टाकते. शेवट दणदणीत आहे. पण त्याआधी ती एवढी गोड, एवढी समंजस, की 'मुंडकं उडवा' म्हणणारी बाई तिच्यात कुठे लपली होती तेच दिसत नाही. प्रेमभंग झाला, झाली दुष्ट. हे मला पटत नाही.

तुम्हाला काय वाटतं? मुलांना कुठलं द्यावं, कुठलं नाही?

---

कंदीपेढा

वाचनखूण साठवली. ताई, जेनिफर डॉनेलीचं 'स्टेपसिस्टर' (२०१९) यादीत घ्याच. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणीची गोष्ट, आणि सुरुवात तिथून जिथे आपण लहानपणी डोळे मिटून घ्यायचो. बूट बसावा म्हणून बोटं कापतात तिथून. ग्रिमच्या कथेतली आई सुरी पुढे करते आणि सांगते, राणी झालीस की पायी चालायचं काम पडणारच नाही. एवढं एक वाक्य ऐकलं की पोरगी कुठल्या घरात वाढली ते कळतं. डॉनेलीची इझाबेल त्या कापलेल्या पायाने लंगडत पुढचं सगळं पुस्तक चालते. ती एलाशी, म्हणजे सिंड्रेलाशी, वाईट वागली होती, आणि ते पुस्तक कुठेही नाकारत नाही. तिला आधी ते कबूल करावं लागतं.

माझी लेक नववीत आहे. तिने वाचून झाल्यावर एकच विचारलं, "आई, बूट दोघींनाही बसला नाही म्हणजे त्या कुरूप कशा?" मी पोळ्या लाटत होते, उत्तर दिलं नाही.

---

राळ_आणि_तलवार

मी सांगलीचा. आमच्या गावात दुष्टांना मान द्यायची रीत जुनी आहे. १८४३ साली राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. पुढे त्या धाटणीच्या नाटकांत लोक वाट कुणाची बघायचे? राक्षसाची. राळेचा भपका, हातात तलवार, भयंकर आरोळ्या, पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात. शिकल्यासवरल्या मंडळींनी त्या आरोळ्यांवरूनच या नाटकांना 'अलल्लडुर्र' म्हणून हिणवलं. त्या राक्षसाला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझं लहानपण कसं गेलं. त्याची गरजच नव्हती. तो आला की काय होणार हे कळायचं, आणि तो पडला की टाळ्या पडायच्या.

दुसरा सांगलीकर, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. 'कीचकवध', १९०७. प्रेक्षकांनी कीचकात व्हाइसरॉय कर्झन पाहिला, सरकारलाही तो दिसला आणि नाटकावर बंदी आली. आता कल्पना करा, खाडिलकरांनी पहिला अंक कीचकाच्या पोरकेपणावर घातला असता. बंदी घालायला सरकार कशाला येतंय, उलट लाटसाहेबांनी बक्षीस दिलं असतं.

सांगायचा मुद्दा, सत्तेवर बसलेल्या दुष्टाला समजून घेण्याचा सोस परवडत नाही. तो पडावा एवढंच वाटायला हवं. मुलांनाही अशी काही नाटकं, काही गोष्टी लागतात. सगळ्यांनाच जखमा वाटत सुटलात तर चीड कुणाची यायची?

---

कंदीपेढा

अवांतर: वाईकरांचं ऐकाल तर वाई म्हणजेच विराटनगरी, त्यामुळे कीचक आमच्या जिल्ह्याचा. सांगलीने फक्त नाटक केलं.

---

राळ_आणि_तलवार

घ्या तुम्हालाच. कंदी पेढ्यांबरोबर पाठवून देतो.

---

द्राक्षबाग_तासगाव

मी काय लई वाचणारा नव्हं. पण पोरीच्या पुस्तकात ती लांब केसांची रापुंझेल वाचली. हिच्या आईला डोहाळे लागतात शेजारणीच्या परड्यातल्या भाजीचे. बाप रातच्याला भिंतीवरनं उडी टाकून भाजी चोरतो. एकदा नव्हं, परत जातो. मग शेजारीण धरते आणि म्हणते भाजी ने, पर पोर मला दे. आणि हा भितरा हो म्हणतो!

आता मला सांगा, खलनायक कोण? माझ्या बागेत माल उतरायच्या वक्ताला कुणी रातचा शिरला तर मी त्याला काय ओवाळणार हाय? शेजारणीने पोर नेली ती चूकच. बुरजात कोंडली ती तर मोठी चूक. पर बापाचं नाव कुणी काढत नाही, तो गोष्टीतनं गपचिप निघून जातो.

---

संगममाहुली

दादा, "गोष्टीतनं गपचिप निघून जातो" हे आमच्या गटात फळ्यावर लिहिणार आहे. परवानगी गृहीत धरते.

---

सडेतोड_सांगलीकर

तीव्र असहमत, सगळ्याच धाग्याशी. हे खलांचं उदात्तीकरण आहे, बाकी काही नाही. आपल्याकडे हे आधीच झालंय. कर्णाची कादंबरी आली, पिढ्यान्पिढ्या लोक त्याच्यासाठी रडतायत. सभापर्वात द्रौपदीला बंधकी कोण म्हणालं, तिची वस्त्रं फेडायला कुणी सांगितलं, विचारा बघू. दहातले नऊ दुःशासनाचं नाव घेतील. एवढं सहानुभूतीचं पाणी घातलं की मूळ अपराध वाहून गेला. आता तेच राण्यांचं आणि चेटकिणींचं. चौदा वर्षांच्या पोराला आधी चूक-बरोबर तरी नीट कळू दे, मग करड्या छटा दाखवा.

---

कृष्णाकाठ

सडेतोड, कर्णाबद्दलचा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यावरून निघतो तो निष्कर्ष तुमच्या उलटा आहे असं मला वाटतं. 'मृत्युंजय' (१९६७) पुन्हा चाळा. तिथे एकटा कर्ण बोलत नाही. कुंती बोलते, वृषाली बोलते, शोण बोलतो, दुर्योधन बोलतो, कृष्णही बोलतो. दुर्योधनाला स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं म्हणून कुणी त्याचं देऊळ बांधलं नाही. वाचक कर्णासाठी रडले कारण त्यांना रडायचं होतं. सभापर्व कुणी कपाटाला कुलूप लावून ठेवलेलं नाही, ज्याला हवं त्याने उघडावं.

आणि आपल्या सांगलीतच १८९८ साली जन्मलेले वि. स. खांडेकर विसरू नका. 'ययाति' १९५९ची, ज्ञानपीठ १९७४चं. तिथे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. महाभारतात शर्मिष्ठाच देवयानीला विहिरीत ढकलून जाते, हे किती जणांना आठवतं? दोघींच्या वस्त्रांची अदलाबदल, त्यावरून भांडण, बापांचा मानमरातब निघतो, आणि राजकन्या गुरूच्या मुलीला विहिरीत लोटून घरी जाते. त्याची भरपाई म्हणून देवयानी तिला जन्माची दासी करून मागते. यात कोण चांगली? खांडेकरांचा ओढा शर्मिष्ठेकडे आहे हे पानापानावर दिसतं. पण देवयानीचंही निवेदन त्यांनी दिलं. मी कॉलेजात असताना तिचा भयंकर राग यायचा. पुढे स्वतःच्या घरात मानापमानाचे खटके उडाल्यावर परत वाचली. राग तेवढाच राहिला, पण ती आता ओळखीची वाटायला लागली.

म्हणजे हा प्रकार विलायती नाही. मुलांना इंग्रजीतून तो नवा वाटतोय, एवढंच.

---

शेटफळेकर

कृष्णाकाठ यांना +१. आमच्या आटपाडी तालुक्याचा माणूस राहिला म्हणून भर घालतो. गदिमांचं 'गीतरामायण' १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचलं. त्यात शूर्पणखेला स्वतःचं गाणं आहे, 'सूड घे त्याचा लंकापती'. भक्तिभावाने रेडिओपुढे बसलेल्या लोकांनी ते ऐकलं, आणि तिला बोलू दिलं म्हणून कुणाचा धर्म बुडाला नाही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. वाल्मीकीच्या अरण्यकांडात शूर्पणखा रावणाकडे जाऊन काय सांगते? की मी सीतेला तुझी बायको म्हणून आणायला गेले होते, म्हणून लक्ष्मणाने माझे हाल केले. साफ खोटं! तिला स्वतःला राम हवा होता. म्हणजे दुष्ट पात्राने रंगवून सांगितलेली आपली कहाणी हाच मुळात सगळ्या अनर्थाचा उगम आहे. रावण त्या कहाणीला भुलला. आणि उत्तरकांडात असंही येतं की तिचा नवरा विद्युज्जिह्व रावणाच्याच हातून मेलेला. हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. बाई भावाला खोटं सांगून रामावर सोडते. भोळेपणा आहे की हिशोब चुकता करणं आहे? आताचे लेखक हाच धागा उचलतात.

माझं म्हणणं, ही पुस्तकं वाचताना मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लावा. ही जे सांगतेय ते खरं कशावरून? पुस्तक 'मी'ने सुरू झालं की पोरं डोळे झाकून विश्वास टाकतात.

---

आयर्विनपूल

मी सांगलीत वाचनालयाच्या कामात आहे, पुस्तकं कोण काय नेतं ते रोज बघतो. दोन-तीन गोष्टी.

एक, धंदा. या पुस्तकांतली बरीचशी कुणाच्या आतड्याच्या तळमळीतून आलेली नाहीत. डिस्नेकडे दुष्टांची तयार फौज आहे, मुलांना चेहरे पाठ आहेत. मग सेरेना व्हॅलेंटिनोची मालिका निघते, २००९ला हिमगौरीची राणी, मग पशू झालेला राजपुत्र, मग समुद्रातली चेटकीण, मग शाप देणारी परी. वाईट आहेत असं नाही, राणीचं पुस्तक तर चांगलंच आहे. तिथे आरशात कोण बोलतं ते बघण्यासारखं आहे, तिचा मेलेला बाप. जन्मभर तिला कुरूप म्हणत आलेला.

दोन, पालकांनी जपून. 'विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या हिरव्या चेटकिणीवरचा 'विकेड' सिनेमा २०२४ला आला आणि पोरं मूळ कादंबरी मागायला लागली. ग्रेगरी मॅग्वायरची १९९५ची कादंबरी मोठ्यांसाठीची आहे, तिच्यात राजकारण आहे, लैंगिक प्रसंग आहेत. पडद्यावरची हिरवी मुलगी आणि पुस्तकातली हिरवी बाई यांत फार अंतर. मी आठवीच्या मुलीला ती दिली नाही, तिच्या वडिलांनी मात्र ऑनलाइन मागवून दिली. असो.

तीन, सगळ्यात महत्त्वाचं. ग्रिमच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हेन्सेल आणि ग्रेटेललाही आधी सख्खी आईच जंगलात सोडायचा बेत करते, घरात भाकरी नाही म्हणून. तीसुद्धा पुढे १८४०च्या आवृत्तीत सावत्र केली. आईची अब्रू राखायची होती. म्हणजे आज आपण जिला पूर्वायुष्य देतोय त्या 'सावत्र आई'चा खरा जन्म संपादकाच्या टेबलावर झालाय.

---

सडेतोड_सांगलीकर

तिसरा मुद्दा रोचक आहे, हे ठाऊक नव्हतं. पण आयर्विनपूल, त्याने माझंच म्हणणं बळकट होतं. ग्रिमला कळलं होतं की मुलांपुढे काय ठेवावं. सख्खी आई मारायला उठते हे पोराने कशाला वाचायचं?

---

निळी_छत्री

कारण काही पोरांच्या घरी ते घडतं, सडेतोडदादा.

शाळांमध्ये मुलांशी बोलण्याचं काम करते, त्यामुळे तपशील देणार नाही. एवढंच सांगते. दुसऱ्याला छळणाऱ्या मुलाला मी "तू असं का केलंस" विचारते तेव्हा तो गप्प बसतो. "त्या राणीने असं का केलं असेल" विचारलं की घडाघडा बोलतो. आणि बोलून झाल्यावर बहुतेक वेळा स्वतःच म्हणतो, पण तिने सफरचंद द्यायला नको होतं. कारण कळलं म्हणून गुन्हा माफ करायची घाई मोठ्या माणसांना असते. मुलं त्या मानाने कडक न्यायाधीश असतात. ग्रिमच्या राणीला शेवटी तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात, त्यावर मोठे हळहळतात आणि सहावीतली मुलं विचारतात, किती वेळ नाचली?

वही फाडणाऱ्या धाकट्याला एवढंच सांगावं, तू असा का झालास ते ऐकते, आधी दादाची वही उतरवून काढ.

---

संगममाहुली

निळी_छत्री, ते शेवटचं वाक्य त्या आईला जसंच्या तसं पाठवलं. उत्तर म्हणून हसरे चेहरे आले आणि खाली, "वही ऐंशी पानी आहे."

इथे गटातली एक गोष्ट सांगते. मुलांना म्हटलं, इंग्रजीतलं पुरे, आपल्या गोष्टीतला एखादा दुष्ट घ्या आणि त्याची बाजू लिहा. निम्म्यांनी अपेक्षेप्रमाणे कावळा घेतला. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला, दारात भिजत उभा, आणि आतून चिमणी म्हणतेय थांब, बाळाला तीट लावते. (एकाने चिमणीला सरळ सोसायटीची चेअरमन केलं. तो वेगळा विषय.)

पण एका दहावीतल्या मुलीने शिवामुठीची कहाणी घेतली. आजीकडून ऐकलेली. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं जेवायला, जाडंभरडं नेसायला, गुरांच्या बेड्यात राहायला. तिला व्रत मिळतं, देव पावतो, सासऱ्याची मर्जी फिरते. सगळी कहाणी तिची. उरलेल्या तिघी नुसत्या 'आवडत्या'. त्यांना नाव नाही, तोंडी वाक्य नाही. या मुलीने त्यातली मधली सून घेतली. तिच्या परवानगीने थोडं उतरवते:

"धाकटी नवी आली तेव्हा मी तिला माझ्या ताटातली पुरणपोळी नेऊन दिली. गोठ्यात बसून दोघींनी खाल्ली. संध्याकाळी मामंजींनी सगळ्यांची चौकशी केली, माझी केली नाही. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, चौथी जागा रिकामी नाही हं, पण भरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी पोळी नेली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी म्हणाले, वास येतोय गोठ्याचा, लांब उभी राहा. मामंजी हसले. त्या रात्री मला झोप छान लागली."

मी वाचून थांबले. "त्या रात्री मला झोप छान लागली" हे दहावीतली पोरगी लिहितेय. रडारड नाही, कुणी पंख कापले नाहीत, प्रेमभंग नाही. एक जागा टिकवायची होती, त्याची किंमत दुसरीने भरली, आणि हिला ते कळतंय. मला धाग्याच्या सुरुवातीला जे म्हणायचं होतं ते हेच. आणि द्राक्षबागदादा म्हणतात तसा सासरा गोष्टीतनं गपचिप निघून जात नाही, तो मधोमध बसून हसतोय.

सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार या दोन समीक्षिकांनी १९७९ साली हिमगौरीबद्दल लिहिताना म्हटलं होतं की आरशातला आवाज हा राजाचाच आवाज आहे. राजा कथेत जवळपास दिसतच नाही, पण सुंदर कोण ते ठरवणारा तोच. आमच्या मुलीने गिल्बर्ट-गुबार वाचलेल्या नाहीत. तिने आजीची कहाणी ऐकलीय.

---

राळ_आणि_तलवार

हे भारी आहे. माझी तक्रार अर्धी मागे. अर्धी अजून आहे, कारण या गोष्टीतला खरा कीचक सासरा आहे आणि कृपा करून आता त्याचं बालपण कुणी लिहू नका.

---

द्राक्षबाग_तासगाव

लिहिणार बघा कुणीतरी. त्याच्या सासऱ्याने त्याला छळलं म्हणून.

---

सडेतोड_सांगलीकर

मुलीचं लिखाण उत्तम, कौतुक सांगा. पण ताई, एक विचारतो. तिला हे जमलं ते तिने मूळ कहाणी सरळ, आजीच्या तोंडून, आधी ऐकली होती म्हणून. आमच्या शेजारच्या मुलांनी मूळ हिमगौरी वाचलेलीच नाही, थेट राणीच्या दुःखाला हात घातलाय. ज्याला उतू नको मातू नको माहीतच नाही त्याला ते उलटं करून दाखवण्यात काय अर्थ? मूळ आधी, उलटं नंतर, एवढा क्रम तरी पाळा.

---

कृष्णाकाठ

यावर मात्र सहमत. एरवी सडेतोड आणि मी एका बाकावर बसत नाही.

---

कंदीपेढा

मीसुद्धा. अवांतर: मूळ कथांच्या मराठी प्रती हव्या असतील तर एखाद्या रविवारी गट घेऊन भिलारला जा ना. पाचगणीच्या जवळच. २०१७पासून घराघरात पुस्तकं मांडलीत, बालसाहित्याचं घरही आहे. पोरं ओसरीत बसून वाचतील, येताना स्ट्रॉबेरी. गर्दीच्या दिवसांत मात्र जाऊ नका, वाचायला बूड टेकायला जागा मिळत नाही.

---

संगममाहुली

सडेतोड, क्रम मान्य. पुढच्या रविवारी आधी मूळ वाचणार, ग्रिमची तेरावी बाई आणि पेरोची म्हातारी परी, शेजारी शेजारी. पेरोचा दुसरा भागही घेतेय. राजकन्या जागी झाल्यावर तिची सासू नातवंडं शिजवून खायला निघते तो. मोठ्यांनीही तो वाचलेला नसतो. मग 'फेअरेस्ट'. 'हार्टलेस' ज्यांनी वाचलंय त्यांनी ते का आवडलं ते भांडून सांगायचं. 'विकेड' नाही, आयर्विनपूल म्हणतात त्या कारणासाठी.

शेटफळेकर, तुमचा "खरं कशावरून" हा प्रश्न सगळ्या पुस्तकांना लावणार.

आयर्विनपूल, १८१२ आणि १८१९च्या हिमगौरीची पहिली दोन-दोन पानं मिळतील का? मराठीत मी करून घेते. झेरॉक्स आमच्याकडे, एसटीने पाठवलंत तरी चालेल, स्टँडवरून कुणीतरी घेऊन येईल.

---

आयर्विनपूल

शोधून ठेवतो. शनिवारी दुपारपर्यंत मिळेल. हेन्सेल-ग्रेटेलची पण घालू का?

---

संगममाहुली

घाला. आणि शक्य झालं तर आईचं वाक्य जिथे बदललंय तिथे पेन्सिलने खूण करा.